वडगावच्या आक्कांचा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी बेळगावातल्या एका सरकारी कचेरीत क्लार्क आहे. नोकरीत नव्याने आलेल्यांना लोकांशी कसं वागावं हे शिकवायला हल्ली मलाच उभं करतात. "चूक झाली तर आधी आपण कबूल करायची," असं मी सांगतो. ते वहीत उतरवून घेतात. आणि मी? — मी खिडकीबाहेर बघत असतो.

शांताक्का बेळगावातल्याच वडगावच्या. मागावर साड्या विणायच्या. पदराला सुताचे कण चिकटलेले असायचे. त्यांची मुलगी रेणू तेव्हा, चौदा वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. तिला मूकबधिरांच्या निवासी शाळेत घालायचं होतं. अर्ज आमच्या कचेरीतून पुढे जायचा. तो त्यांनी आणून दिला, सोबत डॉक्टरांचा मूळ दाखला. माझ्याच हातात दिला.

पंधरा दिवसांनी त्या चौकशीला आल्या, रेणूला घेऊन. मी शोधलं. कागद सापडेना. हरवला म्हणायला काय जात होतं माझं? पण त्याच सकाळी साहेबांनी मला झापलं होतं, आणि ते आतच बसले होते — मी म्हणालो, "तुम्ही अर्ज दिलेलाच नाही."

"आवो, तुमच्याच हातात दिलतं की, साहेब!"

"खोटं बोलू नका!" हे मी कानडीत ओरडलो. त्या मराठी, मी मराठी — पण आत कानडी साहेबांना कळायला हवं होतं ना. रांग आमच्याकडे बघू लागली. शांताक्कांनी पिशवी उलटी केली, पुन्हा पुन्हा चाचपली. रेणू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

वाईटच हे. पण सांगायचंय ते याहून वाईट आहे.

चार दिवसांनी तो अर्ज सापडला. दुसऱ्याच फायलीत — मीच टाचलेला. शाळेची मुदत संपायला अजून आठवडा होता. कचेरीपासून वडगाव असं किती लांब? पण कागद निघाला असता तर खोटं कोण बोललं तेही निघालं असतं. मी तो फाडला. दाखल्यासकट. बारीक तुकडे केले.

नवा दाखला मिळेपर्यंत जागा भरल्या. पुढच्या वर्षी वय बसत नाही म्हणून शाळेने तिला घेतलं नाही. रेणू आता तेवीस वर्षांची आहे. लिहायला-वाचायला येत नाही. आईच्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरते.

गेल्या महिन्यात शहापूरच्या बाजारात शांताक्का दिसल्या. मी तोंड फिरवणार, तोच त्यांनी हाक मारली.

"साहेब, त्या टायमाला लोकांम्होरं मी तुमास्नी उगंच खोटं पाडलं. कागद माझ्याच हातनं कुटंतरी पडला आसंल. लई वर्सं मनात हाय बगा. माफ करा."

मी काय म्हणालो असेन?

म्हणालो, "असू दे, आक्का."