एस्टरचं उजवं पान

दीपमालाताई कुठल्याही बाटलीचं झाकण उघडलं की ती नाकाशी नेत नसत. हात हलवून वास स्वतःकडे ओढून घेत. चहाच्या कपाचंही तेच. लोणच्याच्या बरणीवर चिकटपट्टी लावून 'उघडली : ४ जुलै' असं लिहीत. कुणी फार बोलू लागलं की ऐकता ऐकता बोटाने बाकावर षट्कोन काढत. पेन्सिल वापरत नसत. लिहिताना चुकलं तर चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारत, बाजूला बरोबर शब्द लिहीत आणि शेजारी छोटी सही करत.

"गिरवून खोडायचं नाही," पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या. "खालचं वाचता आलं पाहिजे. चूक काय होती ते दिसलं पाहिजे, आणि कुणी सुधारली तेही."

ही सवय चाकणची. तिथल्या रंगाच्या एका कंपनीत, लॅबमध्ये, त्यांनी नऊ वर्षं काढली होती. मूळच्या उदगीरच्या. बी.एस्सी. रसायनशास्त्र. लग्न होऊन कासारवाडीत आल्या, आणि चौतिसाव्या वर्षी नोकरी सोडून तळेगावच्या बी.एड. कॉलेजात. मी तेवीस वर्षांचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला. हजेरीपटावर आमचे क्रमांक शेजारी होते, म्हणून बाकही एकच.

"कंपनी का सोडली, ताई?"

"नऊ वर्षं रंगाचा घट्टपणा मोजला की बाबा. एकानं कधी विचारलं नाही, असं का होतं म्हणून. लेकरं विचारतात."

त्यांची एक जाड वही होती. डाव्या पानावर बी.एस्सी.ची एक अभिक्रिया, सगळ्या बाणांसकट. उजव्या पानावर तीच अभिक्रिया दहावीच्या 'कार्बनी संयुगे' या पाठात कुठे येते, तिथली अध्ययन निष्पत्ती काय, मुलांना किती सांगायचं, किती राखून ठेवायचं. साबणाच्या उजव्या पानावर लिहिलं होतं : 'फेस कुठल्या पाण्यात येत नाही ते विचारणे. बोअरवेलच्या सोसायटीतली मुलं आधी हात वर करतील.' प्रत्येक उजव्या पानाखाली एक छोटा चौकोन. वर्गात शिकवून झालं की त्यात बरोबरची खूण.

"बी.एस्सी.ला डावं पान शिकवतात, इथं उजवं," त्या म्हणत. "मधली शिवण आपली आपण घालायची."

मला त्या वहीतलं काही कळत नसे. पण इतकी नेटकी वही मी दुसरी पाहिलेली नाही.

आमच्या आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, रावेतची एक शाळा मिळाली. मी गटप्रमुख. तासिकांचं वेळापत्रक माझ्याकडे. प्रत्येक पाठ वर्गात मागे बसून एका सहाध्यायाने पाहायचा आणि निरीक्षण तक्ता भरायचा, असा नियम. आमची रीत वेगळी होती. तक्ते आदल्या दिवशी कॅन्टीनमध्येच भरले जात. माझं अक्षर चांगलं, वाक्यंही बरी जमत. त्यामुळे सगळे आपापले तक्ते माझ्याकडेच आणत.

"मराठीवाल्या, जरा दाट लिही रे. मागच्या वेळी पातळ झालं होतं."

मी दाट लिहीत असे. 'आशयज्ञान सखोल.' 'विद्यार्थ्यांच्या शंकांचे समर्पक निरसन केले.' मला त्याचा अभिमान होता, हे आता लिहायला लाज वाटते.

डिसेंबरात ताईंचा दहावी ब वर एस्टरचा पाठ होता. तक्ता मी आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. शाळेच्या विज्ञानाच्या बाई मीटिंगला गेल्या होत्या. मी शेवटच्या बाकावर बसून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आखत होतो.

ताईंनी इथेनॉइक आम्ल आणि इथेनॉल एकत्र केलं, तीव्र आम्लाचे दोन थेंब टाकले, परीक्षानळी गरम पाण्यात धरली. थोड्या वेळाने वास सुटला.

"बाई, हा तर नेलपॉलिश रिमूव्हर!"

वर्ग हसला. ताईही हसल्या. फळ्यावर समीकरण लिहिलं. एस्टर अधिक पाणी.

इंद्रायणी नावाची मुलगी उभी राहिली. "बाई, हे पाणी निघालं ना, त्यातला ऑक्सिजन कुणाचा? आम्लाचा की अल्कोहोलचा?"

"छान विचारलंस. आपण मागे काय शिकलो? आम्ल काय देतं?"

"हायड्रोजन!" अख्खा वर्ग ओरडला.

"मग राहिलेला ओएच?"

"अल्कोहोलचा!"

ताईंनी ते फळ्यावर लिहिलं. वर्गाने वह्यांत उतरवलं. मी वेळापत्रकात शुक्रवारची चौथी तासिका भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगाव स्टेशनवर त्या माझी वाट पाहत उभ्या होत्या. हातात वही.

"उलटं सांगितलं मी. ओएच आम्लाचा जातो. अल्कोहोलचा ऑक्सिजन एस्टरमध्ये राहतो. हे बघ, डाव्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. परीक्षेत पाचपैकी पाच मिळाले होते मला ह्याला."

"मग चुकलं कसं?"

"पाठ होतं, समजलं नव्हतं. लेकरानं विचारलं आणि मला शाळेतला नियम आठवला. आम्ल हायड्रोजन देतं. तोच इथं ओढून आणला. वर्गाला साक्षीला घेऊन." त्यांनी वही मिटली. "चाळीस वह्यांत गेलं, निरंजन."

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. दहावी ब ची एक तासिका. आणि माझ्या तक्त्यावर एक रेघ.

"शंकांचं समर्पक निरसन, असं लिहिलंयस तू. त्यावर एक रेघ मार, बाजूला खरं लिही, सही कर. बस."

"ताई, हे बोर्डाला विचारतसुद्धा नाहीत."

"इंद्रायणीनं विचारलं ना."

रेघ मारली असती तर मार्गदर्शक सरांनी विचारलं असतं, चूक झाली तेव्हा तू काय करत होतास. मग माझ्या हातचे बाकीचे अकरा तक्ते त्यांनी काढले असते. मी म्हणालो, "बघतो."

चार दिवस मी बघतो म्हणत राहिलो. तासिका देणं माझ्या हातात होतं. पण ताई वर्गात जाऊन चूक सांगणार, मग ती शाळेच्या बाईंच्या कानावर जाणार, तिथून सरांच्या, आणि माझा तक्ता उघडा पडणार. पाचव्या दिवशी दहावीची पूर्वपरीक्षा सुरू झाली आणि तासिका संपल्या.

तेव्हा त्या स्वतःच शरच्चंद्र सरांकडे गेल्या. सर आमचे मार्गदर्शक. मलाही आत बोलावलं.

"अहो दीपमाला, गुण चांगले पडलेत तुमचे. आणि मुलांपुढे चूक कबूल करायची नसते. धाक जातो."

"रसायनशास्त्राला धाक कशाला हवाय, सर?"

सर हसले. माझ्याकडे वळले. "काय हो निरंजन, तुम्ही होतात ना वर्गात? झालं होतं का असं काही?"

ताई टेबलाच्या कडेवर बोटाने षट्कोन काढत होत्या.

"नाही सर," मी म्हणालो. "पाठ छान झाला होता."

त्यांचं बोट थांबलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लॅबमध्ये नमुना नापास झाला की पाहत असतील, तसं पाहिलं.

फेब्रुवारीत सगळ्यांनी पाठांच्या फायली जमा केल्या. ताईंच्या फायलीत एक पाठ कमी होता. एस्टरचा.

"लावा हो तो," सर म्हणाले. "एक कमी पडला तर आंतरवासिता अपूर्ण राहील. वर्ष जाईल."

"त्याचा तक्ता खरा नाही, सर. तो मी लावणार नाही."

"कुणी भरलाय?"

"ते राहू द्या."

मी तिथेच, दारापाशी, माझी फाईल घेऊन उभा होतो. तीन पावलं पुढे जायची होती. मी गेलो नाही.

मार्चमध्ये बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. दोन दिवस मला वाटलं आजारी असतील. तिसऱ्या दिवशी फोन केला.

"अरे, कंपनीवाले कधीचे बोलवू लालेत. सोमवारपासून जातेय."

मी म्हणालो, "एका तक्त्यापायी, ताई?"

"तक्त्यापायी नाही की. तुझं तू बघ, मला त्यात पाडू नको." मागे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. "फळ्यापुढं उभं राहायचं म्हटलं की ती पोरगी दिसते. तिनं विश्वासानं लिहून घेतलं रे. मला लाज वाटते."

लाज त्यांना वाटत होती.

वही त्यांनी शिपाईमामांकडे ठेवली होती. वर चिठ्ठी : 'विज्ञान पद्धतीच्या कुणाला तरी द्यावी.' मी ती कुणाला दिली नाही. मला प्रथम श्रेणी मिळाली. आता मी चिखलीच्या एका शाळेत मराठी शिकवतो. मुलं निबंधात खाडाखोड करतात तेव्हा त्यांना एक रेघ मारायला सांगतो. शेजारची सही सांगायला मला तोंड नाही.

एस्टरचं पान मी परवा पहिल्यांदा नीट वाचलं. उजवीकडे वर्गात सांगितलेलं वाक्य आहे : 'पाण्यातला ऑक्सिजन अल्कोहोलचा.' त्यावर एक आडवी रेघ. खालचं स्वच्छ वाचता येतं. बाजूला बरोबर वाक्य, सही, पाठाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. खाली लिहिलं आहे : '१०-ब ला हे सांगणे. इंद्रायणीला आधी.'

त्याखालचा चौकोन रिकामा आहे.