दोन पायऱ्यांची अभिक्रिया

ती शिरोळकडची, माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मी तिला माझीच जुनी अभिक्रिया दिली होती. दोन रेणू जवळ येतात, त्यांच्यात दोन नवे बंध जुळतात आणि अणूंचं कडं पूर्ण होतं. हे दोन्ही बंध एकाच वेळी जुळतात, असं मी आयुष्यभर लिहीत आणि शिकवत आलो. संगणकावर तिनं ते पुन्हा तपासायचं, एवढंच काम.

एक दिवस ती म्हणाली, "सर, एक बंध आधी जुळतोय, दुसरा मागनं. आणि ती वाट सोपी पडतीय."

"चुकलंय कुठंतरी."

"परत परत बघितलं की, सर."

गणिताआधी मला तिचाच संशय आला. माझं मत न पटणारा एक सहकारी विभागात होता. त्याच्याबरोबर ती कँटीनमध्ये चहा घेताना दिसली होती. त्यानंच फूस लावली असणार! ती खोलीत आली की मी कागद पालथे घालू लागलो. एका रविवारी, विभागात कुणी नसताना, लबाडी सापडेल या खात्रीनं तिच्या फायली उघडल्या.

माझ्या गणितांत इलेक्ट्रॉन जोडीनंच राहतील अशी अट कायम घातलेली असायची. त्या अटीमुळं दुसरी वाट दिसतच नाही. तिनं अट काढली होती. मीही काढून पाहिली. संध्याकाळी माझ्या पडद्यावर तिचंच उत्तर आलं.

सोमवारी मी तिला म्हणालो, "हे प्रकरण शंकास्पद आहे. प्रबंधातून काढून टाक."

"शंका कशाची, ते तरी सांगा."

मी सांगितलं नाही. तिनं काढलं.

सध्या ती मलकापूरला तासिका तत्त्वावर शिकवते. नुकतीच एका कायम जागेसाठी तिची मुलाखत झाली. निवड समितीतल्या ओळखीच्या माणसानं मला फोन केला. "काय सर, तुमच्या त्या बाईंची गणितं कच्ची म्हणं? प्रकरणच काढायला लावलंत की तुम्ही."

"गणितं बरोबर होती. मी कच्चा होतो."

तो हसला. त्याला तो माझा विनय वाटला.

मग मी तिला फोन लावून सगळं सांगितलं. तिच्या मागं एसटीचा हॉर्न वाजत होता.

"आजच का, सर? कुणी करायला लावला फोन?"

"कुणी नाही."

"मग तोंडी नको. उद्या न्हाय म्हणाल. सगळ्यांना वाचता येईल असं लिहा."

तिचा संशय रास्त आहे, म्हणून लिहितो. गणित तिचं बरोबर होतं. मला ते त्याच रविवारी कळलं होतं. समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे.