सेकंडचा टॉवेल

शनिवारी चारला मशिनी थांबल्या आणि सगळ्यांना पॅकिंग हॉलमध्ये बोलावलं. मधोमध लाल प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत लक्ष्मीअक्का.

अक्का म्हणजे आमच्या टॉवेलच्या कारखान्यातली सगळ्यात जुनी शिलाईवाली. टॉवेलच्या कडा दुमडून सरळ टीप कशी मारायची, हे मला तिनंच शिकवलं. आता मी तिच्याच खात्याची टीम लीडर. गळ्यात निळी पट्टी, पट्टीला ओळखपत्र. हातात टॉवेल. सेकंडचा. म्हणजे ज्याची शिलाई उसवली, धागे ओढले गेले, जो गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही, तो.

तो मी अक्काच्या खांद्यावर टाकला. डोक्यावर पुरुषाची पांढरी टोपी घातली. मानाच्या बाईच्या हातात नारळ देतात. मी अक्काच्या हातात करवंटी दिली. लोक हसले. धाकटे मालक माईकवर म्हणाले, "या आठवड्यात सर्वात जास्त चुका. जोरदार टाळ्या."

टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

टोपीमुळं अक्काच्या डोक्यावरचा पदर मागं घसरला होता. दोन्ही हातांत करवंटी धरलेली. माझ्याकडं न बघता ती हळूच म्हणाली, "पदर सरकला पोरी. तेवढा नीट कर."

मी केला नाही. फोटो निघत होता.

ही रीत कारखान्यात माझ्यामुळं आली. माझ्या घरातली, माझ्या आईची रीत. मीच ती नेऊन यांच्या हातात दिली.

धाकटे मालक बाहेरून मॅनेजमेंट शिकून आले. थोरल्यांच्या काळात केबिनच्या दाराशी चप्पल काढून उभं राहायचं, आत बोलावलं तर जायचं. धाकट्यांनी केबिनच काढून टाकली. सगळ्यांसोबत एका टेबलावर डबा खायला बसायला लागले. म्हणाले, "मला शेठ म्हणायचं नाही. निखिल म्हणायचं." ते काही कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटी निखिलसर म्हणायचं ठरलं. रोज सकाळी उभ्याउभ्या मीटिंग. प्रत्येकानं एक अडचण सांगायची, एक नवी कल्पना सांगायची.

खरं सांगते, मला ते लई आवडलं. मी हसणार नाही त्या मीटिंगला. शाळेत मास्तर आडनाव विचारायचे. आडनावावरून वस्ती कळायची आणि मग 'तुमच्या लोकांत असंच' म्हणून मला पुढचं काही विचारलं जायचं नाही. तुला काय वाटतं, हे मला पहिल्यांदा त्या कारखान्यात कुणीतरी विचारलं. मी हुरळून गेले. आता त्याचीच लाज वाटते.

मग पुण्याहून एक मॅडम आल्या, पुढारपण शिकवायला. आम्हाला गोल बसवलं. म्हणाल्या, "तुमच्या आयुष्यात कुणाला मिळालेला सर्वात मोठा मान आठवा. त्याची गोष्ट सांगा."

मी माझ्या लग्नातली गोष्ट सांगितली. वडील आधीच गेलेले. आईनं विड्या वळून लग्न उभं केलं. मांडवात बायकांच्या ओट्या भरणं चाललं होतं. माझ्या सासरची एक बाई खण-नारळ घेऊन रांगेनं येत होती. आईनं पदर पसरला. बाई आईला ओलांडून पुढं गेली आणि शेजारणीची ओटी भरली. विधवेची ओटी भरत नाहीत. आई पसरलेला पदर नुसता आवरत राहिली. मामाला तेव्हाच टॉवेल-टोपीचा आहेर झाला होता. तो उठला. खांद्यावरचा कोरा टॉवेल काढला आणि आईच्या खांद्यावर टाकला.

"पोरगी हिची. मग हिचा मान कुटं हाय?" एवढंच म्हणाला.

त्यानंतर आमच्या वस्तीत ती रीतच पडली. विधवा असो, नवऱ्यानं टाकलेली असो, कुठलीच बाई मांडवातून मोकळी जात नाही. खांद्यावर टॉवेल पडतो. मामा आता नाही. तो टॉवेल आईच्या ट्रंकेत आहे. त्याला कुणी हात पुसू शकत नाही.

सांगताना मी रडले. मॅडमनी डोळे टिपले. निखिलसर उठून उभे राहिले. "हीच लीडरशिप आहे. आणि बघा ना, आपण टॉवेलच बनवतो." थोड्याच दिवसांत माझ्या गळ्यात निळी पट्टी आली. कौतुक शनिवार सुरू झाला. ज्याचं काम चांगलं, त्याच्या खांद्यावर आपल्याच कारखान्याचा एक नंबर टॉवेल. मागावरचा दस्तगीर तो टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून सायकलवरून घरी गेला होता. तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी केलं.

मग परदेशी गेलेला माल परत आला. शिलाईत खोट होती. तिसऱ्या दिवशी निखिलसर मला बोलावून म्हणाले, "नुसत्या कौतुकानं भागत नाही. चुकीची जाणीव पण पाहिजे. पण हसत-खेळत. आपण उलटा मान करू. सेकंडचा टॉवेल, टोपी, करवंटी. लोक एन्जॉय करतील."

मला सगळं कळलं होतं. नाही कळलं, असं म्हणायची सोय मला नाही.

"सर, बरं दिसणार नाही ते," मी म्हणाले.

ते हसले. "तुमच्याच वस्तीची आयडिया आहे ही. तुमच्या लोकांत कसं सगळं मोकळंढाकळं असतं. मी फक्त उलटी केली."

तुमच्या लोकांत. मास्तरांचा शब्द, टेबलावर सोबत डबा खाणाऱ्या माणसाच्या तोंडून. मी तो गिळला. निळ्या पट्टीसाठी गिळला. पुढच्या शनिवारी टॉवेल माझ्याच हातात दिला गेला, कारण ही माझी रीत. दस्तगीरच्या खांद्यावर पण मी टाकला. पॅकिंगमधल्या रंगम्माच्या खांद्यावर टाकला. मग अक्का.

अक्काच्या हातून चुका का होत होत्या, तेही मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, सकाळच्या मीटिंगमध्ये तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "माज्या मशिनवर उजेड कमी हाय. पांढऱ्या टॉवेलवर पांढरा दोरा दिसंना." निखिलसरांनी मोबाईलमध्ये लिहून घेतलं, ग्रेट इनपुट म्हणाले. पाठपुरावा मी करायचा होता. सारखं सारखं मागितलं तर लीडर कुरकुर करते असं वाटेल, म्हणून मी मागितलं नाही. अक्कानं उजेड मागितला. आम्ही तिला टोपी दिली.

त्या शनिवारनंतर सोमवारी मी तिच्या मशिनपाशी गेले. "अक्का, मनावर घेऊ नका. गंमत असते."

अक्कानं मशिन थांबवली नाही. "नात इचारती, फोटोत आज्जीच्या डोस्क्यावर टोपी का म्हनून. काय सांगू तिला, तूच सांग की."

फोटो कारखान्याच्या ग्रुपवर होता. तिथून कुठं कुठं गेला असेल. अक्कानं पुढचा टॉवेल सुईखाली ओढला.

एवढ्यात पाहुणे यायचं ठरलं. परदेशी गिऱ्हाईक, ज्यांच्याकडून माल परत आला तेच. निखिलसर म्हणाले, "तुमच्या आईंना आणा. त्यांच्यासमोर ती गोष्ट सांगा. मान त्यांच्या हातून देऊ. पाहुण्यांना कळू दे, आमच्याकडं माणसाला काय किंमत आहे."

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. आई आजारी आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी हो म्हणाले. आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं. इरकल नेसली. निघताना ट्रंक उघडून मामाचा टॉवेल काढला आणि खांद्यावर घेतला.

"असू दे गं आई, जुना आहे तो."

"मान द्याला जायाचं आन मानाचा टॉवेल नगं व्हय?"

उलट्या मानाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. पाहुण्यांसमोर तो भाग ठेवणार नाहीत, अशी मी माझीच समजूत घातली होती.

मी माईकवर गोष्ट सांगितली. निखिलसर शेजारी उभे राहून ती इंग्रजीत सांगत होते. मांडवातल्या त्या बाईनं आईला ओलांडलं, तिथं पाहुण्यांनी माना हलवल्या. आईनं चांगलं काम करणाऱ्याच्या खांद्यावर एक नंबर टॉवेल टाकला, त्याच्या गालावरून हात फिरवला. टाळ्या झाल्या. आई लाजली. मला वाटलं, सुटले.

मग निखिलसर म्हणाले, "आणि आता आमची खास गंमत."

लाल खुर्ची आली. अक्काला बोलावलं. पाहुण्यांना त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडं वळून मराठीत सांगितलं, "अक्का स्पोर्टिंगली घेतात." अक्का येऊन बसली. आईसमोर ताट धरलं गेलं.

आईनं टॉवेल उचलला. कापड हातात आलं की ती आधी त्याच्या काठावरून बोट फिरवते, बाजारात पण. बोट अडकलं.

"ह्याची शिलाई उसवलीया की," ती म्हणाली. माईक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "बदलून आना. बाईला असला घालत्यात व्हय?"

लोक हसले. निखिलसर पण हसले. "आई, तोच घालायचाय. गंमत आहे."

आईनं ताटाकडं बघितलं. टोपी. करवंटी. मग अक्काकडं. मग माझ्याकडं.

"ही आपली रीत म्हनून सांगितलीस व्हय गं हितं?"

मांडवात ओलांडून गेलेल्या त्या बाईकडं आईनं असंच बघितलं होतं. आता ती तसंच माझ्याकडं बघत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण गडप होता येत नाही. उभंच राहावं लागतं.

मी तिच्या हातातून टॉवेल घेतला. निखिलसरांसमोर गेले. लीडर झाल्यापासून मी कारखान्यात जपून, शाळेतलं बोलायचे. ते बोलणं तोंडातून आलंच नाही.

"ह्यो घालनार न्हाय," मी म्हणाले. "मी न्हाय, माजी आई न्हाय."

ते हसतच होते. माईकवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हणाले, "पाहुणे आहेत. आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाय. आन ती गोष्ट माज्या आईची हाय. तुमी ती पुन्हा कुटं सांगायची न्हाय."

टॉवेल त्यांच्या हातात दिला. टोपी दिली. करवंटी दिली. पाहुण्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का खुर्चीतून उठत होती. गुडघा धरून उठते ती. मी हात पुढं केला, पदर सावरायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. त्या दिवशी सांगितलं हुतं. आज नगं."

रिक्षात आई माझ्याकडं पाठ करून बसली. घरी आल्यावर मी मामाच्या टॉवेलची घडी घालायला घेतली, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. स्वतः घडी घातली, ट्रंक लावली. मला वाटत होतं, नाही म्हणाले, निदान आई तरी पाठीवरून हात फिरवेल. तिनं फिरवला नाही, आणि तिचं बरोबर आहे. दस्तगीरच्या वेळी नाही म्हणायला हवं होतं. रंगम्माच्या वेळी. अक्काच्या वेळी तर हवंच होतं. आई ताटासमोर उभी राहिली तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. दुसऱ्याच्या आईला टोपी घालताना उघडलं नाही.

निळी पट्टी काढून घेतलीय. निखिलसरांनी फोन केला होता. आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नाहीत. म्हणाले, "येत्या शनिवारी सगळ्यांसमोर माफी मागा. भावनेच्या भरात झालं म्हणा. पट्टी परत देतो. खरा लीडर माफी मागायला लाजत नाही. लोकांना त्यातून शिकायला मिळेल." म्हणजे आता माफी ही त्यांची नवी कल्पना. नवरा म्हणतो, दोन शब्द बोल आणि मोकळी हो, घर चालवायचंय. त्याचंही चूक नाही. हे काम गेलं तर एमआयडीसीत माझी गोष्ट माझ्या आधी पोचेल, मला दारात कुणी उभं करणार नाही.

मी माफी मागणार आहे.

शनिवारी चारला जाणार. आधी ती लाल खुर्ची उचलून हॉलबाहेर ठेवणार. मग माईक घेणार. दस्तगीरची माफी मागणार, त्याचं नाव घेऊन. रंगम्माची मागणार. अक्काची मागणार, आणि कशाची ते सांगणार. टॉवेल टाकला त्याची. टाळ्या वाजवल्या त्याची. उजेड मागितला नाही त्याची. पदर नीट केला नाही त्याची. मालकाची मागणार नाही.

मग पट्टी पुढं केली तर घेणार नाही. कामावरून काढलं तर डबा उचलून निघणार. नाही काढलं तर सोमवारी अक्काच्या शेजारच्या मशिनवर बसणार आणि सकाळच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा तिच्या ट्यूबलाइटचं विचारणार. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारणार.

अक्का मला माफ करणार नाही. करू पण नये. मी तिच्याकडं ते मागायला चाललेलेच नाही. मी त्या खुर्चीसाठी चाललेय. ज्याला तिच्यावर अजून कुणाला बसवायचं असेल, त्यानं आधी ती माझ्या हातातून सोडवून घ्यावी.