रंभाबाईंची अर्धी पात

रंभाबाई सेलोकर बावीस वर्षं माझ्या शेजारी राहिल्या. आमच्या दोन अंगणांत फक्त एक कूड होता. तरी त्यांच्याविषयी मला फार थोडं माहीत आहे. त्यांचं माहेर कोणतं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांची खरी ओळख माझ्या बायकोशी, लीलाशी होती. लीला गेल्यावर कुडावरून भाजीची वाटी येत राहिली, पण बोलणं जवळजवळ थांबलं. मला जे सांगता येईल ते त्यांच्या पाठीच्या ऑपरेशनच्या एका वर्षाचं आहे.

मोहाडीपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. रंभाबाई रोवणीच्या टोळीच्या म्होरक्या होत्या. जुलै लागला की शेतकरी त्यांच्या दारात येऊन बसत. चौदा-पंधरा बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओळीने उभ्या राहत. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी, तिला पात म्हणायचं. चिखलात वाकून धानाची रोपं टोचत टोचत मागे सरकायचं. रंभाबाई रोपाच्या दोनच काड्या घेत आणि अंगठ्याने अशा दाबत, की पाणी भरलं तरी रोप तरंगत नसे. बाकीच्या मूठभर कोंबून मोकळ्या होत. "अवं, भाजी लावून राहिली का?" असं त्यांचं ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू येई.

साठी ओलांडल्यावर त्यांचा डावा पाय बधिर व्हायला लागला. कमरेतला एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला होता. त्यांची मुलगी रिता जवाहरनगरला असते. जावई भूपेंद्र तिथल्या फॅक्टरीत आहे. मीही त्याच फॅक्टरीत एकतीस वर्षं फिटर होतो. नागपूरला डॉक्टरांकडे जायचं ठरलं तेव्हा रंभाबाई कुडापाशी आल्या.

"भाऊजी, तुमीबी चला. तुमी लोखंडाचे माणूस. माह्या पाठीत काय ठोकतेत ते पाहून घ्या."

डॉक्टरांनी नमुना दाखवला. चिंचोक्याहून थोडा मोठा, बारीक जाळीचा तुकडा. तो दोन मणक्यांच्या मधे बसवायचा, जाळीत त्यांच्याच हाडाचा चुरा भरायचा आणि मागून स्क्रू लावायचे. रंभाबाईंनी तो तुकडा चिमटीत धरून दाबून पाहिला.

"हे त लवत नाही," त्या म्हणाल्या.

"लवतं. केसाएवढं," डॉक्टर हसले. "अगदी ताठ तुकडा टाकला तर सगळा भार तोच घेतो आणि हाड आळशी होतं. हा थोडा दबतो, म्हणून हाडालाही भार मिळतो. भार मिळाला की हाड वाढतं, जाळीत शिरतं आणि दोन मणके एक होतात. वर्ष लागेल. चालायचं रोज. वाकायचं मात्र नाही."

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. त्या घरी आल्यावर टोळीतल्या बाया अंगणात जमल्या आणि पाठीत काय घातलं ते विचारू लागल्या. रंभाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. एवढ्या बायांपुढे बोलायची मला सवय नाही. मला पटकन कावड सुचली. म्हणालो, "कावडीचा बांबू कसा असतो? ताठ बांबू घेतला तर खांदा सोलून निघतो. लवता घेतला तर वजन निघून जातं. तसं आहे ते."

"वा, भाऊजी!" चंद्रकला म्हणाली. "म्हणजे आमच्या रंभाबाईच्या पाठीत बांबू घातला!"

सगळ्या हसल्या. रंभाबाईही हसल्या, टाके दुखत होते तरी. माझी उपमा सगळ्यांना कळली याचा मला आनंद झाला. केसाएवढं, हा शब्द मात्र मी सांगायचा विसरलो.

रिता रोज येऊ शकत नव्हती, म्हणून संध्याकाळी रंभाबाईंना चालवून आणायचं काम माझ्याकडे आलं. घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत आणि परत. गावात बोलणाऱ्यांना निमित्त नको, म्हणून मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायचो. त्या पट्टा बांधून, पाठ ताठ ठेवून चालायच्या. मधून बैलगाड्या, सायकली जायच्या, आणि त्या गेल्या की रंभाबाई राहिलेलं वाक्य पुढे सुरू करायच्या. तेवढं बोलणं आमच्यात आधीच्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं. त्यात विशेष काही नसायचं. कोणाच्या बांधीत पाणी टिकतं, लीला आंबिल कशी करायची. एकदा त्या थांबून म्हणाल्या, "पलंगावर पडल्या पडल्या बोटं चालतेत माही, भाऊजी. अंगठा आपोआप दाबते. एक रोवणी मिळाली पाह्यजे बस." मलाही चार वाजल्यापासून चपला घालून बसायची सवय लागली होती.

जूनच्या एक्स-रेच्या फोटोत दोन मणक्यांच्या मधे पुसट पांढरं दिसलं. हाड धरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण अजून कच्चं आहे.

जुलैत गावातले शेतकरी भैय्याजी, त्यांच्या बांधीत टोळी उतरली. रंभाबाई बांधावर खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून ओरडू लागल्या. मी पेपर घेऊन जवळच्या येनाच्या झाडाखाली होतो. जेवणानंतर बाया आळसावलेल्या होत्या. एक पात रिकामी होती, कारण रेणूला ताप आला होता. रंभाबाईंनी खुर्चीवरून उठून साडी खोचली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमीच त म्हणलं, लवते."

मी उठून हात धरायला हवा होता. निदान ओरडायला हवं होतं. पण त्यांचे पाय चिखलात गेले आणि चेहरा असा खुलला, की मी नुसता पाहत राहिलो. त्या वाकल्या. दोन काड्या, अंगठा. दोन काड्या, अंगठा. मागे सरकत सरकत पात अर्ध्यावर आली, आणि त्या तशाच वाकलेल्या थांबल्या. "भाऊजी," एवढंच म्हणाल्या. चौघींनी त्यांना उचलून बांधावर निजवलं.

एक स्क्रू ढिला झाला होता. दुसरं ऑपरेशन करावं लागलं नाही, पण तीन महिने पडून राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. रिता मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मीच कुडापाशी जाऊन म्हणालो, "माझी चूक झाली. मी कावडीचं सांगायला नको होतं."

आतून, पलंगावरून आवाज आला, "कायले रडून राहिले भाऊजी? अर्धी पात त झाली न!"

दिवाळीनंतर रिता त्यांना जवाहरनगरला घेऊन गेली, कायमची. इथे राहिल्या तर पुढच्या जुलैत पुन्हा उतरतील, असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं. त्या क्वार्टरांच्या खिडकीतून धान दिसत नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी तिथेच काढली, म्हणून मला माहीत आहे.

मागच्या वर्षी भूपेंद्रचा फोन आला. हाड पूर्ण जुळलं, दोन मणके एक झाले. रोवणी मात्र जन्मात नाही. जवाहरनगर इथून बसने दीड तासही नाही. मी दोनदा स्टँडपर्यंत जाऊन परत आलो. काय काम काढलं, असं कोणी विचारलं तर काय सांगणार?

भैय्याजींच्या बांधीतली ती पात चंद्रकलेने त्याच दिवशी पुरी केली होती. कापणी होईपर्यंत मी अधूनमधून तिथे जायचो. अर्ध्यापर्यंत रोपं दोन-दोन काड्यांची आणि सुतात होती, पुढे दाट आणि वाकडी. हात बदललेला कळत होता. आता संध्याकाळी मी एकटाच तलावापर्यंत जातो, आपल्या कडेने.

त्या जवाहरनगरला निघाल्या त्या दिवशी रिक्षा दाराशी उभी होती. भूपेंद्र गाठोडी ठेवत होता. रंभाबाई पट्टा सावरत, न वाकता, हळूहळू आत बसल्या. मला पुष्कळ बोलायचं होतं, सकाळपासून मनात जुळवलं होतं. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"भाऊजी, फाटकाची कडी लावत जा. शेळ्या घुसतेत."

"लावतो," मी म्हणालो.