खात्री करून सांगते

भोपाळमध्ये हल्ली ज्याच्या हातात मोबाइल आणि माइक, तो पत्रकार. मीही त्यातलीच, फक्त खुर्चीत बसणारी. आमचं न्यूज पोर्टल म्हणजे हबीबगंज स्टेशनजवळ, नमकीनच्या दुकानावरच्या दोन खोल्या. स्टेशनचं नाव बदललं, आमची जीभ बदलली नाही. आलेली बातमी खरी आहे की नाही ते बघणं हे माझं काम. संपादक मला 'हँडब्रेक' म्हणतात. ते कौतुक नाही, एवढं मला कळतं.

उशिरा द्या, पण खरं द्या, हे माझं जुनं मत. टपरीवर ऐकलेलं जसंच्या तसं टाकायचं आणि शेवटी 'सूत्रांनुसार' लिहून हात झटकायचे, याची मला मनस्वी चीड आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पूर्वी पेपरवाल्यांना निदान छपाई होईपर्यंत विचार करायला वेळ मिळायचा. आमच्याकडे विचार करत बसलं की लोक दुसऱ्याची लिंक उघडतात.

त्या दुपारी अशाच एका पोर्टलने व्हिडिओ टाकला. मंडीदीपच्या बाजूला एका कारखान्यामागून उठणारा पांढरा धूर, रस्त्यावर पळणारी काही माणसं आणि खाली लाल अक्षरांत 'भोपाल में फिर गैस?'. हे वाचून इथला कोणीही आधी घरी फोन लावतो. चौऱ्याऐंशीच्या गॅसकांडानंतर जन्मलेलाही लावतो, कारण बहुतेक घरांत त्या रात्री पळालेलं कोणीतरी आहे. आमच्या घरात आई आहे.

संपादक दारातूनच म्हणाले, "मैडम, डाल दें क्या? सबने डाल दिया."

"थोड़ा रुकिए, सर," म्हणून मी फोन उचलला, तेवढ्यात आईचाच आला. आमचं घर मिसरोदला, त्याच मंडीदीपच्या रस्त्यावर. बाबा गेल्यापासून दिवसभर ती एकटीच असते.

"अगं, मोबाइलवर दाखवून राहिले, गॅस निघाली म्हणून. खरंय का?"

"अजून काही कळलं नाही गं. दारं-खिडक्या लाव आणि घरातच बस. मी खात्री करून सांगते."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

मग मी नेहमीच्या शिस्तीने कामाला लागले. ठाण्यातले साहेब म्हणाले, "ऐसा कुछ नहीं है, मैडम." कारखान्यात फोन उचलणाऱ्या बाईंनी सगळं सुरळीत असल्याचं सांगितलं. सरकारी दवाखान्यात तसा एकही रुग्ण आलेला नव्हता. मी सुटकेचा निःश्वास टाकला, अफवांवर विश्वास ठेवू नका अशी बातमी लिहिली आणि पोर्टलवर टाकली. संपादकांचं तोंड उतरलं.

मग आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या भाभींना लावला.

"आंटी तो ताला लगाके निकल गईं. मुँह पे गीला तौलिया था. मैंने आवाज़ दी, पलटीं ही नहीं."

आईचे गुडघे दुखतात, तिला धाप लागते, आणि त्या रस्त्यावर ट्रकना दयामाया नसते. ती कुठे गेली असेल, हेही मला सुचेना. त्या रात्रीबद्दल ती कधी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. जगाला प्रश्न विचारून पोट भरणारी मी.

आणि मग मला वास आला. खरंच आला. तिखट, घशात रुतणारा. खाली नमकीनवाला मिरच्या तळत असणार, रोजच तळतो, हे डोक्याला कळत होतं. तरी डोळ्यांत पाणी आलं. ती अफवा असल्याचं जाहीर करणारी माझी बातमी समोर स्क्रीनवर होती आणि मी ओढणी नाकाला लावून बसले होते. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

पर्स घेऊन धावत जिन्याशी आले, तर आई कठडा धरून जिना चढत होती. एक पायरी, मग थांबणं. तोंडावर टॉवेल. घरातून निघून बस पकडून ती सरळ माझ्याकडे आली होती.

"चल," तिने माझं मनगट धरलं. "आधी चल इथून."

मी तिच्यावर ओरडलेच. "फोन का नाही उचललास? काही झालेलं नाही आई, अफवा आहे! मी सगळीकडे विचारलं."

"कोणाला विचारलं?"

"ठाण्यात. कारखान्यात. दवाखान्यात."

तिने टॉवेल जरासा खाली केला. "तुझे बाबा पण गेले होते ठाण्यात, त्या रात्री. खात्री करून येतो म्हणाले. मी वाट पाहत घरात बसून राहिले. ठाण्यातल्यांनी त्यांना सांगितलं, काही नाही, घरी जा, दारं लावून बसा. आम्ही पळालो तोवर गॅस घरात शिरली होती." श्वास घ्यायला ती थांबली. "आज तू पण तेच बोललीस."

तो धूर शेतात जाळलेल्या धसकटांचा होता, हे संध्याकाळी कळलं. जिन्यात उभ्या असलेल्या आम्हा दोघींना ते ठाऊक नव्हतं. तिचा हात बर्फासारखा गार होता आणि तो माझं मनगट सोडत नव्हता.

आतून संपादकांनी विचारलं, "मैडम, अपनी वाली ख़बर पक्की है ना?"

मला हो म्हणता आलं नाही.