पेवात उतरलेला माणूस

सर्जेराव गुरुजींचं हस्तलिखित माझ्या चिकलठाण्याच्या छापखान्यात आलं की माझं डोकं फिरतं. चितेगावच्या शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस लोकांची चरित्रं लिहितो आणि माझी एकही तारीख पाळत नाही. प्रत्येक गोष्टीला त्यांना दोन साक्षीदार लागतात, एक त्या माणसाच्या बाजूचा आणि एक त्याच्यावर राग असलेला. दोघांचं जुळलं तरच मजकूर माझ्या हाती पडतो.

यंदा काम आलं करंजगव्हाणच्या आप्पासाहेब सरकारांच्या गौरवग्रंथाचं. जहागीर कधीच गेली, पण गादी आहे आणि लोक अजून मुजरा करतात. सरकारांच्या अमृतमहोत्सवासाठी त्यांचे चिरंजीव इंद्रजीत यांनी ग्रंथ काढायचं ठरवलं. मुख्य प्रकरणही त्यांनीच सांगून टाकलं: बहात्तरच्या दुष्काळात तरुण आप्पासाहेबांनी धान्याचं पेव गावासाठी उघडलं.

"हे तर सगळ्यांना माहीत आहे. छापून टाकू," मी म्हणालो.

"अर्धं गाव म्हणतं पेव उघडलं. बौद्धवाड्यात म्हणतात, आमच्या सांडूला त्यात ढकलून मारलं. यातलं काय छापणार?" गुरुजींनी विचारलं.

मी मोटारसायकल काढली आणि गुरुजींना मागे बसवून करंजगव्हाण गाठलं.

सांडूच्या बायकोनं, ऐंशी ओलांडलेल्या आवडाबाईंनी, सगळं सांगितलं. जमिनीत खोल खणलेलं पेव वर्षानुवर्षं बंद राहिलं की आत विषारी हवा साठते. म्हणून आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात. तो विझला तर पेवाचं तोंड दोन दिवस उघडं ठेवायचं. त्या दिवशी कंदील विझला, तरी सांडू उतरला. वर काढला तेव्हा जीव गेलेला होता.

"कुनी ढकललं नाय," त्या ठामपणे म्हणाल्या. "तसं लिवू नका. दोरी सरकारांनी सोता वढली. हाताची सालटी निघाली त्यांच्या."

"मग कंदील विझल्यावर उतर म्हणालं कोण?" गुरुजींनी विचारलं.

"ते तिकडं इचारा." मग म्हणाल्या, "पेवाची गोष्ट समदे सांगत्यात, अन् उतरलेला मानूस गाळत्यात. त्याचं नाव तेवढं राहू द्या."

मला माझीच लाज वाटली. मी हे प्रकरण डोळे मिटून छापणार होतो.

गुरुजींनी लिहिलेला कच्चा मजकूर वाचून इंद्रजीत भडकले. "माझ्या वडिलांच्या आनंदाच्या दिवशी मढं कशाला? सांडूचं काढा."

"मग माझंही नाव काढा आणि दुसरा लेखक बघा," गुरुजी म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नाही. "पण ज्यांचं चरित्र आहे त्यांना आधी वाचून दाखवतो. यातले दुसरे साक्षीदार तेच आहेत."

आप्पासाहेबांनी सगळं ऐकलं. ऐकताना ते आपल्या तळहातांकडे बघत होते.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण एक राहिलं. विझलेला कंदील मी पाहिला होता. बाहेर माणसं उपाशी उभी होती, मला घाई झाली. उतर असं मीच म्हणालो. लिहा."

इंद्रजीत खाली बसले. मला वाटलं, चला, संपलं. राजाच स्वतःविरुद्ध बोलतोय, आता आणखी काय हवं? गुरुजींनी मात्र वही मिटली.

"सरकार, याला दुसरा साक्षीदार लागेल. गोष्ट तुमच्याविरुद्ध आहे म्हणून नियम बदलत नाही."

असा राग आला मला! पण आप्पासाहेब काठी घेऊन उठले. "मग मीच येतो," म्हणाले.

आवडाबाईंच्या दारात उभं राहून त्यांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले. गुरुजींनी विचारलं, "बाई, असंच झालं का?"

"व्हय. मी टोपलं घिऊन तिथंच उभी व्हते."

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं तर लोक म्हनले असते, म्हातारी राग काढती." त्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. "हे त्यांच्याच तोंडून याया पायजे व्हतं. लई वाट बघितली. लिवा आता."

गुरुजी तिथंच ओट्यावर लिहायला बसले. आप्पासाहेब उभेच होते. आवडाबाईंनी आपल्या अंगाखालची घोंगडी काढून त्यांच्यासाठी अंथरली.