नॉट रिचेबल

आमच्याकडे निवडणुकीत बंडखोरी करण्याची एक रीत ठरलेली आहे. पक्षाने तिकीट नाकारलं की अपक्ष म्हणून अर्ज भरायचा, फोन बंद करायचा आणि अर्ज मागे घ्यायची मुदत संपत येईपर्यंत कुणाच्या तरी फार्महाउसवर लपून बसायचं. मग टीव्हीवर पट्टी फिरते, अमुक बंडखोर नॉट रिचेबल. नेते त्याच्या घरी धावतात, दारात गाड्या लागतात, चहावर चहा होतात, आणि शेवटच्या घटकेला काहीतरी पदरात पाडून घेऊन महाशय प्रकट होतात. माझ्या सख्ख्या भावाने विधानसभेच्या वेळी हेच केलं. फक्त फार्महाउसऐवजी त्याने सिंगापूरच्या यिशुन भागातला माझा फ्लॅट निवडला.

आदल्या वर्षी तो सिंगापूर बघायला आला होता, तेव्हाचा व्हिसा शिल्लक होता. एका सकाळी मी चांगी बिझनेस पार्कला ऑफिसात जायला निघत होते, तर हा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत दारात उभा. हातात एकच बॅग. "कुणाला बोलू नको," हे त्याचं पहिलं वाक्य. कशी आहेस वगैरे नंतरही कधी आलं नाही.

मला त्याचा राग येतो, आणि तो आजचा नाही. पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात त्याची उमेद गेली. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तो मांडवातून निघून गेला, कारण साहेबांचं हेलिकॉप्टर उतरणार होतं. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा हा मेळाव्याला माणसं गोळा करत होता. या सगळ्याच्या बदल्यात यंदा तरी तिकीट मिळणार, असं तो धरून चालला होता. ते मिळालं कालपरवा पक्षात आलेल्या एका बिल्डरला. समोर दुसऱ्या आघाडीचा उमेदवार, शिवाय तिसरा एक पक्ष, आणि अपक्षांचा तर बाजारच. त्या बाजारात आमचा दादा.

"तू निवडून येणार आहेस का?" मी विचारलं.

"निवडून यायचंय कुणाला?" तो म्हणाला. "साहेबांचा फोन येईल. म्हणतील, माघार घे, एखादं महामंडळ देतो. मी जरा ताणून धरीन. मग घेईन माघार."

माघारीच्या अर्जावर त्याने सही करून ठेवली होती. तो अर्ज गावाकडे त्याचा सूचक असलेल्या एका विश्वासू माणसाकडे होता. दादाने इथून फोनवर हो म्हणायचं, की त्या माणसाने अर्ज दाखल करायचा.

"पण तुझा फोन बंद आहे. साहेब फोन करणार कुठे?"

"तुझ्या नंबरवर. ते लोक पाताळातून शोधून काढतात."

म्हणजे माझ्या फोनचं पक्षकार्यालय झालं. मीटिंगमध्ये असले तरी याचे नव्या फोनवरून मेसेज: कुणाचा आला का? संध्याकाळी दारातच तोच प्रश्न. फ्लॅटबाहेर पडायचं तर डोक्यावर टोपी, का, तर कुणी मराठी माणूस ओळखेल. मी त्याला हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांवर जेवायला नेलं तेव्हा शेजारच्या टेबलावर पुण्याकडची चार पोरं बसली होती. त्यांनी याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दादाने थोड्या वेळाने टोपी काढून टेबलावर ठेवली. तरीही नाही. येताना MRTमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, टोपी त्याच्या मांडीवरच होती.

माझा नवरा मरीन इंजिनिअर, तुआसच्या शिपयार्डात. तो एरवी जेवायला घरी असतो, त्या आठवड्यात त्याला रोज उशिरापर्यंत काम निघालं. लेकीने मात्र जेवताना सरळ विचारलं, "आई, मामा हायडिंग फ्रॉम द पोलीस, आह?"

"तुझा मामा मोठ्या लोकांपासून लपलाय," दादा म्हणाला.

"दे लुकिंग फॉर यू, मेह?"

इथल्या बोलीतला तो 'मेह', म्हणजे 'खरंच का?', दादाला नीट कळला नाही. मला कळलं, आणि सांगायला हरकत नाही, बरंही वाटलं.

आमचं खरं भांडण झालं ते वहिनींवरून. त्यांना त्याने गावात एकटीला तोंड द्यायला ठेवलं होतं. कुणी आलं तर कुठे गेलेत माहीत नाही म्हणायचं, आणि नणंदेला तर अजिबात फोन करायचा नाही, असं बजावून आला होता. स्वतःचा नवा नंबरही त्यांना दिला नव्हता.

"बायकोला पुढे करून पळून आलास," मी म्हणाले. "उद्या मत द्यायला मी तिकडे आले ना, तरी तुला देणार नाही."

"तुला राजकारण कळत नाही," तो म्हणाला आणि मला चहा टाकायला सांगितलं. मी टाकला नाही.

माघारीचा दिवस उजाडला. गावाकडे दुपारी तीनपर्यंत मुदत, म्हणजे आमचे साडेपाच. मी घरूनच काम करत होते. दादाने सकाळीच अंघोळ करून तो पांढरा ड्रेस चढवला, फोनवर बोलायचं असलं तरी. माझा फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि समोर बसला. दुपारी एकदा वाजला. मी घेतला, तर पार्सलवाला. दादा उठून उभा राहिला होता, तो हळूच खाली बसला.

चार वाजले, साडेचार वाजले. मला आता हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते, की याला एकदा कळू दे. पण त्याच्या त्या इस्त्रीच्या बाह्या बघवेनात. मनात म्हटलं, अरे, एकाने तरी करा फोन. शिव्या द्यायला करा.

पाच वाजता त्याने बॅगेतून स्वतःचा जुना फोन काढला आणि चालू केला. वायफाय लागताच फोन टणटणायला लागला. व्हॉट्सअ‍ॅपचे मिस्ड कॉल, एकामागून एक. दादाचा चेहरा फुलला. "बघ! म्हणत नव्हतो?" तो म्हणाला आणि चष्मा लावला.

मग त्याने फोन माझ्याकडे सरकवला. सगळे कॉल वहिनींचे होते. दुसऱ्या कुणाचा एकही नव्हता.

मीच लावला, आणि स्पीकर चालू केला.

"वहिनी, मी बोलतेय. दादा इथेच आहे. ऐकतोय."

"कुणी आलं नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "चार दिवस झाले, कुणी नाही. आज तरी येतील म्हणून अंगण सारवून घेतलं. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या. चहाला डेअरीतून दोन कॅन दूध घेतलं. समोरच्या रस्त्यानं त्यांच्या गाड्या गेल्या, दुसऱ्या बंडखोराकडे. आपल्या दारात एकानं ब्रेक मारला नाही."

 माईक दिसला की अर्धा तास न थांबणारा माणूस टेबलावरचं पुसलेलं पाणी पुन्हा बोटाने पुसत होता.

"दादा, अजून वेळ आहे," मी म्हणाले. "त्या माणसाला फोन कर. अर्ज घे मागे आणि सुटून जा."

त्याने मान डोलावली आणि नव्या फोनला हात घातला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "अहो, अर्ज मागं घ्या म्हणून तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

"नाही," दादा म्हणाला.

"विनंती केली?"

"नाही."

"मग मागं कशाला घ्यायचा? ज्यांना तुम्ही उभे असलात काय नि नसलात काय, सारखंच, त्यांची सोय आपण का बघायची? राहा उभे. आपटू. पण बोलावल्याशिवाय मागं फिरायचं नाही. ठेवते. दूध उतू जाईल."

फोन बंद झाला. दादाने नवा फोन पालथा करून टेबलावर ठेवला. साडेपाच आमच्या दोघांच्या समोर वाजले आणि माझा भाऊ, कुणीही न मागितलेला, अधिकृत उमेदवार झाला. तो उठला आणि आत जाऊन बॅग भरायला लागला.

मी या वेळी चहा टाकला. तेवढ्यात माझा फोन वाजला. पुन्हा वहिनी, आणि मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज.

"वन्सं, तुमचं नाव इथल्या यादीत आहे ना अजून?"

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. दादा गुडघ्याने बॅग दाबून चेन ओढत होता.

"आहे," मी म्हणाले.

"मग या मतदानाला. त्यांच्यासाठी नको. माझ्यासाठी या."